बर्ड फ्लूचा रुग्ण दवाखान्यात आला तर त्याचं पुढे काय होईल, हे कशावरून ओळखायचं?

मांजराकाठचा_वैद्य

जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे मरून पडायला लागले, भोपाळच्या प्रयोगशाळेतून एच५एन१ (बर्ड फ्लूच्या विषाणूचा एक प्रकार) चा अहवाल आला आणि दहा किलोमीटरचा परिसर सतर्क भाग म्हणून जाहीर झाला. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या होत्या, अहमदपूर तालुक्यात केंद्रेवाडीलाही तेच. दोन्ही वेळा आपल्याकडे बोलणं झालं ते चिकन खावं की नाही आणि भाव किती पडले यावर. (नीट शिजवलेलं चिकन खा. ७० अंशांवर हा विषाणू टिकत नाही. या धाग्यावर तो विषय इथेच संपवू.)

मला विचारायचंय ते पुढचं. कोंबड्यांत वावरलेला एखादा माणूस उद्या ताप-खोकला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात दाखल झाला, तर तो बरा होऊन जाणार की व्हेंटिलेटरवर जाणार, हे पहिल्या दिवशी ओळखता येईल का? मी लातूर जिल्ह्यात फिजिशियन म्हणून काम करतो. मराठवाड्यात माणसाला लागण झाल्याचं माझ्या माहितीत नाही. पण रुग्ण आल्यावर पुस्तक उघडण्यापेक्षा आधी विचार केलेला बरा.

आधी रोगाबद्दल थोडं. १९९७ ला हाँगकाँगमध्ये १८ माणसांना एच५एन१ झाला, त्यातली ६ दगावली. २००३ पासून जगभरात नऊशेच्या वर रुग्ण नोंदले गेले आणि जवळपास निम्मे गेले. २०१३ ला चीनमध्ये एच७एन९ आला. दीड हजारांवर रुग्ण, सहाशेवर मृत्यू. याउलट अमेरिकेत २०२४ मध्ये गाईंच्या गोठ्यांतून लागण झालेल्या बहुतेकांना फक्त डोळे येण्यावर निभावलं. म्हणजे 'बर्ड फ्लू' या एका नावाखाली निरनिराळे आजार आहेत, आणि एकाचा अंदाज दुसऱ्याला लावता येत नाही. एच७एन९ ने मुख्यतः म्हातारी माणसं, त्यातही पुरुष गाठले. एच५एन१ मध्ये मुलं आणि तरुण जास्त.

आणि इथेच आपल्या हातातली मोजमापं फसतात. न्यूमोनियाच्या रुग्णाला दाखल करायचं की नाही यासाठी आपण कर्ब-६५ शिकलो. शुद्ध हरपली का, युरिया वाढलाय का, श्वास मिनिटाला ३० किंवा जास्त आहे का, रक्तदाब कमी आहे का, वय ६५ किंवा जास्त आहे का. प्रत्येकाला एक गुण. आता शेडवर काम करणारा तिशीतला माणूस डोळ्यांपुढे आणा. ताप १०३, नाडी ११८, श्वास २८, सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ८८, रक्तदाब ठीक, बोलतोय नीट, युरिया नॉर्मल. कर्ब-६५ प्रमाणे त्याला शून्य. शून्य! म्हणजे गोळ्या देऊन घरी पाठवा. कारण त्यात ऑक्सिजन मोजलेलाच नाही आणि तरुण असल्याचा 'फायदा' मिळतो. क्यूसोफा (जंतुसंसर्ग किती गंभीर ते पटकन बघायचं कोष्टक) लावला तर श्वासाचा एक गुण, धोक्याची घंटा दोनला वाजते. त्याच माणसाला न्यूज-२ (ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन यांवर गुण देणारं कोष्टक) लावा: श्वासाचे ३, सॅच्युरेशनचे ३, नाडीचे २, तापाचे २, एकूण १०. तिथे ७ लाच तातडी मानतात.

२००९ च्या स्वाइन फ्लूतही कर्ब-६५ ने तरुणांचा धोका कमी दाखवल्याचं पुढे आलं होतं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बर्ड फ्लूच्या संशयितासाठी वयावर गुण देणारं कुठलंही कोष्टक एकट्याने वापरू नये.

बाकीच्यांचं काय म्हणणं आहे?

अहमदपूरकर_पोल्ट्री

डॉक्टरसाहेब, आम्ही शेडवाले. तुमचं कोष्टक मला समजलं नाही पण एक सांगतो. मर लागली की आम्हाला पहिल्यांदा राणीखेतच (कोंबड्यांचा दुसरा रोग) वाटतंय. लसोटा (राणीखेतची लस) दिला होता का, पाणी बदललं का, फीडमध्ये बुरशी आहे का, हेच बघू लालो असतो. दोन-तीन दिवस त्यातच जातात. तवर मेलेली पक्षी उचलून खड्ड्यात टाकणारा गडी उघड्या हाताने काम करतो, तोंडाला रुमालबी नसतो.

आमच्या एका गड्याला मागं ताप आला होता, लॉट मेल्यानंतर. (राणीखेतच निघाली, गडी पण बरा झाला.) त्याला मी दोन ठिकाणी नेलं. कुणीच विचारलं नाही की बाबा काय काम करतोस. सलाईन लावली आणि पाठवलं. मला मनात लई धाकधूक होती पण आपण होऊन सांगावं तर शेड बंद पडायची भीती. खरं ते लिहितोय.

मग तुम्हीच सांगा, आम्ही दवाखान्यात काय सांगायचं?

मांजराकाठचा_वैद्य

@अहमदपूरकर_पोल्ट्री, तुम्ही हे मोकळेपणी लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. एकच वाक्य सांगायचं: "शेडवर कोंबड्या मरू लागल्यात, मी त्या हाताळल्यात, अमुक दिवसापासून ताप आहे." रुग्ण वाचणार की नाही यात आपल्या हातातला सगळ्यात मोठा भाग या वाक्यावर अवलंबून आहे.

कारण सांगतो. २०१० मध्ये बारा देशांतल्या ३०८ एच५एन१ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. ज्यांना विषाणूवरचं एकही औषध मिळालं नाही त्यांच्यातले सुमारे २४ टक्के वाचले. ज्यांना ओसेल्टामिविर, म्हणजे आपली टॅमिफ्लू, मिळाली त्यांच्यातले ६० टक्के. लक्षणं सुरू झाल्यापासून दोन दिवसांच्या आत सुरू केली तर उत्तम, पण सहा-आठ दिवसांनी दिली तरी काही उपयोग दिसला. त्यामुळे 'आता उशीर झाला' म्हणून औषध अडवायचं नाही, आणि अहवालाची वाट बघत तर मुळीच बसायचं नाही. संशय आला की सुरू.

आकडेमोड

डॉक्टर, धाग्याचा विषय फार आवडला. मी छत्रपती संभाजीनगरला संख्याशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही. पण '६० विरुद्ध २४' बघून थोडं थांबावं असं सुचवतो.

ज्याला पाचव्या दिवशी औषध मिळालं, तो पाचव्या दिवसापर्यंत जिवंत होता म्हणूनच मिळालं. जो चौथ्या दिवशी गेला तो आपोआप 'औषध न मिळालेल्यां'त मोजला जातो. त्यामुळे औषधाचा फायदा आहे त्यापेक्षा मोठा दिसू शकतो. औषध देऊ नका असं मी म्हणत नाही. आकडा छातीठोकपणे नातेवाइकांना सांगू नका एवढंच.

दुसरं, या आजाराच्या 'भाकित-मॉडेलां'बद्दल. २०१३ मध्ये एच७एन९ च्या १११ दाखल रुग्णांचा मोठा गाजलेला अभ्यास आला. २७ टक्के दगावले होते, म्हणजे ३०. आमच्याकडे जुना ढोबळ नियम आहे की भाकितात एक घटक घ्यायचा तर निदान दहा घटना हव्यात. ३० मृत्यूंवर तीन घटक पेलतील. पण लोक वय आणि रक्ततपासणीतले साखर, सीआरपी, एलडीएच, लिंफोसाइट, प्लेटलेट, क्रिएटिनिन असे वीस-पंचवीस घटक एकदम टाकतात आणि ९५ टक्के अचूकतेचं सूत्र काढतात. ते सूत्र त्याच दवाखान्यातल्या त्याच रुग्णांना पाठ झालेलं असतं. दुसऱ्या गावात नेलं की कोसळतं. चीनमधल्या एका शहराच्या अतिदक्षता विभागातलं सूत्र उदगीरच्या रुग्णाला लावण्यात मला तरी काही तथ्य दिसत नाही.

तिसरं, मृत्युदराचा छेद, म्हणजे एकूण रुग्ण किती धरले ते. ज्याला साधा ताप येऊन गेला त्याची तपासणीच झाली नाही, तो मोजला गेला नाही. निम्मे दगावतात हा आकडा तपासणीपर्यंत पोचलेल्यांचा आहे.

मांजराकाठचा_वैद्य

@आकडेमोड, तिन्ही मुद्दे मान्य. म्हणूनच मला सूत्रापेक्षा वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वर्षांत पुन्हापुन्हा दिसलेल्या खुणा महत्त्वाच्या वाटतात.

व्हिएतनामच्या एच५एन१ रुग्णांत दगावलेल्यांच्या घशात विषाणू जास्त होता, रक्तातही सापडला, आणि लिंफोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) फार कमी झालेल्या होत्या. चीनच्या त्या १११ जणांत ८८ टक्क्यांना लिंफोसाइट कमी, ७३ टक्क्यांना प्लेटलेट कमी. विषाणू वेगळा, देश वेगळा, खूण तीच. आणि ही खूण सीबीसी या साध्या रक्ततपासणीत दिसते, तालुक्यालाही. फक्त टक्केवारी न बघता गुणाकार करायचा. एकूण पांढऱ्या पेशी ३२०० आणि लिंफोसाइट १४ टक्के, तर प्रत्यक्ष संख्या ४४८. हजाराच्या खाली असेल तर सावध, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी उतरली तर जास्तच. आपल्याकडे अडचण डेंग्यूची आहे. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट त्यातही उतरतात, आणि प्लेटलेट कमी दिसल्या की आपलं मन लगेच डेंग्यूवर बसतं. पण डेंग्यूचा रुग्ण सहसा दम लागून येत नाही.

दुसरी खूण ऑक्सिजनची. एबीजी (धमनीतल्या रक्तातला ऑक्सिजन मोजायची तपासणी) नसेल तर सॅच्युरेशनला दिलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं. ४० टक्के ऑक्सिजनवर ९० येत असेल तर २२५. ३१५ च्या खाली म्हणजे फुफ्फुसं गंभीर अवस्थेकडे चालली आहेत असं धरायचं. सहा-सहा तासांनी हाच भागाकार लिहून ठेवला तर रुग्ण कुठे निघालाय ते कागदावरच दिसतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियातली १३ वर्षांची मुलगी आठवते. नोव्हेंबर २०२४. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा डोळे आलेले आणि ताप. घरी पाठवलं. तीन दिवसांनी परत आली ती धाप लागून, रक्तदाब ढासळलेला, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, मूत्रपिंडावर परिणाम. यंत्राने शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरावा लागला, तीन औषधं एकत्र द्यावी लागली. वाचली. लागण कुठून झाली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पूर्वीचं म्हणाल तर सौम्य दमा आणि जास्त वजन, एवढंच. पहिल्या दिवशीच्या कुठल्याही कोष्टकाने तिच्याबद्दल काय सांगितलं असतं?

रात्रपाळी_सिस्टर

सर, मी अतिदक्षता विभागात काम करते. दोन गोष्टी लिहिते.

श्वास मोजायचा म्हणजे पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, रुग्णाला न सांगता. केसपेपरवर सगळ्यांचे श्वास २० लिहिलेले असतात हे आपण सगळे जाणतो. तुमच्या न्यूज-२ मध्ये श्वासाचे तीन गुण आहेत, आणि तोच आकडा अंदाजाने लिहिलेला असेल तर पुढचं सगळं चुकतं. मी हात नाडीवर ठेवते आणि नजर पोटावर. रुग्णाला वाटतं नाडी बघतेय, त्यामुळे तो श्वास आवरत नाही.

सॅच्युरेशनचंही तसंच. थंडीत, पहाटे, बोटं गार असतात. आकडा ८४ येतो किंवा येतच नाही. हात चोळून गरम करायचा, बोटाला नेलपॉलिश असेल तर ती काढायची, आणि लाट नीट येईपर्यंत थांबायचं. उलटही होतं. पडून ९४ असलेला माणूस बाथरूमला जाऊन आला की ८६. त्या ९४ वर विसंबून वॉर्डात ठेवलेला रुग्ण रात्री तीनला खालावून आमच्याकडे येतो, आणि रात्री तीनला काय काय हाताशी असतं ते मी वेगळं सांगायला नको.

बाहेर नातेवाईक उभे असतात. "सिस्टर, वाचंल का ओ?" हाच प्रश्न. त्याला मी काय उत्तर देऊ ते सांगा.

पशुवैद्य_परभणी

सिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर देतील. मी फक्त माझ्या बाजूचं बोलतो.

पक्ष्यांचे नमुने भोपाळला जातात, माणसांचे पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत). दोन खाती, दोन फायली. मर झालेल्या गावाचं नाव आमच्याकडे आधी येतं. ते त्याच दिवशी त्या तालुक्याच्या दवाखान्याच्या ओपीडीत फळ्यावर लिहिलं गेलं, तर अहमदपूरकरांच्या गड्याला कुणीतरी प्रश्न विचारला असता. याला ना पैसा लागतो ना यंत्र. एक फोन लागतो.

आणि कुठला उपप्रकार आहे हे पक्ष्यांवरून आधी कळतं, याचा तुमच्या भाकितालाही उपयोग आहे. महाराष्ट्रात माणसात सापडलेला एच९एन२ आहे, मेळघाटातलं लहान मूल, २०१९. ते सौम्य आजारावर सुटलं. एच५एन१ ने देशात दगावलेल्यांत दोन मुलं आहेत: २०२१ ला हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा, त्याला रक्ताचा कर्करोगही होता, आणि मार्च २०२५ मध्ये आंध्रातली दोन वर्षांची मुलगी, जिने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता. घरात कोंबडी साफ करताना लेकरं जवळ बसलेली असतात. आमच्या प्रबोधनात हे कधी येतच नाही.

गोदाकाठ_नांदेड

एक शंका. कोविडला डेक्सामेथासोनने जीव वाचवले, आमच्या वडिलांनाही तेच दिलं होतं. मग इथे पण स्टिरॉइड दिलं की काम होईल ना? गावातले डॉक्टर तर तापाला तिसऱ्या दिवशी देतातच.

मांजराकाठचा_वैद्य

@गोदाकाठ_नांदेड, नाही. कृपया हे सगळ्यांनी वाचा. कोविडमध्ये ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांना डेक्साने फायदा झाला हे २०२० मध्ये मोठ्या चाचणीत सिद्ध झालं. इन्फ्लुएंझाच्या न्यूमोनियात तसा पुरावा नाही. उलट आजवरच्या निरीक्षणांत स्टिरॉइड मिळालेल्यांत मृत्यू जास्त दिसले. जास्त आजारी लोकांनाच ते दिलं जातं, हा आकडेमोड यांचा आक्षेप इथेही लागू आहे. तरीही २०२४ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचना गंभीर इन्फ्लुएंझात स्टिरॉइड देऊ नये याच बाजूच्या आहेत. दम्यासारखं वेगळं कारण असेल तर गोष्ट वेगळी. शिवाय त्या इंजेक्शनने ताप उतरतो, माणूस दोन दिवस बरा दिसतो आणि टॅमिफ्लूचे तेच दोन दिवस जातात.

@पशुवैद्य_परभणी, फळ्याची सूचना मी आमच्या दवाखान्यात मांडणार आहे. नमुन्याबद्दल एक जोड: हा विषाणू फुफ्फुसात खोल बसतो, त्यामुळे घशाचा स्वॅब निगेटिव्ह आला म्हणून नाव काढून टाकू नका. बेडका किंवा नळी टाकलेली असेल तर खालचा स्राव पाठवा. आणि अहवालात 'इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह' पण एच१ नाही, एच३ नाही (म्हणजे माणसांतला नेहमीचा फ्लू नाही) असं आलं तर तो कागद फाइलला लावून ठेवायचा नाही, लगेच फोन करायचा.

@रात्रपाळी_सिस्टर, तुमच्या प्रश्नावर विचार करत होतो. टक्केवारी सांगू नये, या मताला मी आलोय. 'निम्मे जातात' ऐकलं की आपल्याकडचा गरीब माणूस हिशेब करतो: शेळी विकायची, उसने आणायचे आणि तरी हाती काही लागायचं नाही. मग "घरी घेऊन जातो साहेब" म्हणून अंगठा देतो. अशा सह्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. जो आकडा मुळात न मोजलेल्यांना वगळून काढलाय, त्याच्यावर कुणी आपल्या माणसाला घरी नेऊ नये. मी असं सांगेन: "आज ऑक्सिजन एवढा लागतोय. औषध सुरू केलंय. पुढचे दोन दिवस बघायचे. ऑक्सिजन वाढवावा लागला तर लातूरला हलवू, आत्ताच गाडी सांगून ठेवतो."

भाकिताचा खरा उपयोग मला तिथे दिसतो. उदगीरहून लातूर दीड तास. व्हेंटिलेटर लागल्यावर १०८ बोलावली तर तो दीड तास रुग्णाला झेपत नाही. लिंफोसाइट उतरतायत, भागाकार ३१५ च्या खाली गेलाय, श्वास वाढतोय, एवढं दिसलं की रुग्ण बोलत असतानाच हलवायचा. लातूर, अंबाजोगाई, नांदेडला विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय, जे जवळ असेल तिथे.

आकडेमोड

हे पटलं. 'वाचेल का' ऐवजी 'पुढच्या दोन दिवसांत जास्त ऑक्सिजन लागेल का' असा प्रश्न घेतला, तर घटना जास्त मिळतात आणि अंदाजही तपासून बघता येतो. दवाखान्यांनी साध्या फ्लूच्या दाखल रुग्णांवरच हे मोजायला सुरुवात केली तर पद्धत आधीच बसेल. तक्ता मी करून देतो, नाव-गाव न घेता. कुणाला हवा असेल तर सांगा.

अहमदपूरकर_पोल्ट्री

साहेब, शेवटचं एक विचारतो. माझ्या गड्याची बायको पोटुशी आहे, सातवा महिना. ती पण शेडवर अंडी गोळा करायला येते. तिला काय सांगू?

मांजराकाठचा_वैद्य

तिला शेडवर येऊ देऊ नका, आजपासूनच, मर असो नसो. गरोदर बाईला एच५एन१ झाल्याच्या जगभरच्या नोंदी थोड्या आहेत, पण त्यांत मृत्यूचं प्रमाण फार मोठं आहे. बाळंही बहुतेक गेली. मजुरी बुडेल म्हणून ती ऐकणार नाही, तेव्हा ती तेवढी तुम्ही द्या किंवा घरी बसून करायचं काम द्या.

गडी घरी गेला की आधी कपडे बाहेर काढून, हातपाय साबणाने धुऊन मग आत. शेडचे बूट शेडवरच. कोंबड्या मरायला लागल्या आणि तिला किंवा त्याला दहा दिवसांच्या आत ताप, खोकला, डोळे लाल, काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. गरोदर आहे म्हणून टॅमिफ्लू टाळायची नाही, गरोदरपणात ती देतात. आशाताईंना आत्ताच सांगून ठेवा की ही बाई शेडवर काम करत होती, म्हणजे तुम्ही गावात नसलात तरी तिच्या केसपेपरवर ते लिहिलं जाईल.